इटालियन विनोदी वेस्टर्न : भुकेला नायक आणि न संपणारी मारामारी

माळरान (धागाकर्ता)

दिग्दर्शक एन्झो बार्बोनी यांचे दोन्ही 'ट्रिनिटी' चित्रपट मी नुकतेच लागोपाठच्या दोन रात्री पुन्हा पाहिले. पहिल्या रात्री मिळालेला आनंद दुसऱ्या रात्री का टिकला नाही, हे मला स्वतःला नीट सांगता येईना, म्हणून हा धागा काढत आहे. सर्जिओ लिओने यांच्या १९६४च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'नंतर इटलीत वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या घोडेस्वार-नेमबाजांच्या, चित्रपटांचे जे उदंड पीक आले, त्यावर जाणकार मंडळी भरभरून लिहितात. परंतु त्याच पिकाच्या अखेरीस उगवलेल्या विनोदी शाखेचा विषय निघाला की एक तर लहानपणीच्या आठवणी निघतात किंवा नाके मुरडली जातात. या दोहोंच्या मधले काही बोलता येईल का, हे मला पाहायचे आहे.

'दे कॉल मी ट्रिनिटी' १९७० च्या डिसेंबरात इटलीत प्रदर्शित झाला. नायक पडद्यावर येतो तो घोड्यावर बसून नव्हे. घोड्यामागे दोन काठ्यांना बांधलेली झोळी फरफटत चालली आहे आणि हा गृहस्थ तीत आडवा पडून झोपलेला आहे. कपडे धुळीने माखलेले, बंदुकीचा पट्टा कसाबसा कमरेला. वाटेवरच्या खानावळीत तो बीन्सने भरलेला तवाच पुढ्यात ओढतो आणि पावाच्या तुकड्याने अखेरचा थेंब पुसून घेईपर्यंत मान वर करत नाही. शेजारी दोन बक्षीसखोर मारेकरी आपल्या जखमी मेक्सिकन कैद्याला घेऊन बसलेले आहेत. जेवण झाल्यावर हा त्या कैद्याला सहज उचलून नेतो, आणि ते दोघे त्याच्या पाठीवर नेम धरतात तेव्हा मागे वळूनही न पाहता त्यांना गोळ्या घालतो. लिओने यांच्या चित्रपटांतला नेमबाज येथे पुरेपूर आहे, फक्त त्याला भूक लागलेली आहे आणि झोप आलेली आहे.

माझे मत असे आहे की या शाखेचे खरे बळ वेस्टर्नची थट्टा करण्यात नाहीच. ते या भुकेत आणि आळसात आहे. इटलीच्या जुन्या 'कोमेदिया देल्लार्ते' या मुखवट्यांच्या रंगभूमीवर आर्लेक्किनो आणि त्याचे भाईबंद कायम उपाशी असत; भूक, झोप आणि मालकाचा मार यांभोवती त्यांचे ठरलेले खेळ रचले जात. ट्रिनिटी त्याच घराण्यातला आहे. त्याचा थोराड भाऊ बांबिनो हा घोडेचोर असून एका गावात शेरीफचा बिल्ला लावून बसला आहे, त्याला निवांतपणे मेजर हॅरिमनचे घोडे पळवायचे आहेत आणि धाकट्याच्या येण्याने त्याचा सगळा बेत विस्कटतो. हे नाते, बांबिनो झालेल्या बड स्पेन्सर यांचा तो वैतागलेला, श्वास सोडून गप्प बसणारा चेहरा आणि ट्रिनिटी झालेल्या तेरेन्स हिल यांचे निळे, खोडकर डोळे, यांच्यावर पहिल्या चित्रपटाचे दोन तृतीयांश सुरेख उभे राहतात. मग मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) वसाहतीतली अखेरची मारामारी सुरू होते आणि माझा रस ओसरू लागतो. दुसऱ्या चित्रपटात, म्हणजे १९७१ च्या 'ट्रिनिटी इज स्टिल माय नेम'मध्ये, खाणे आहे, पत्ते आहेत, आजारी बाप आहे, मठातले साधू आहेत, पण एकातून दुसरे निघत नाही. प्रसंग माळेतल्या मण्यांसारखे नुसते शेजारी बसलेले आहेत. तरीही इटलीत त्याची १ कोटी ४० लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली आणि त्या देशातल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या चित्रपटांत त्याची गणना होते. जे मला सैल वाटते तेच एवढ्या लोकांना कसे भावले असेल?

चौथी रांग

धागा आवडला, पण 'थट्टेत बळ नाही' हे विधान मला घाईचे वाटते. थट्टा 'ट्रिनिटी'च्या आधीपासून होती आणि तिला मोठा प्रेक्षकही होता. फ्रांको फ्रांकी आणि चिच्चो इंग्रासिया ही सिसिलीची जोडी १९६४ पासूनच वेस्टर्न चित्रपटांत वावरत होती. १९६५ मध्ये त्यांनी 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'च्या नावाची फिरकी घेतली आणि १९६७ मध्ये 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची. हे चित्रपट आज इटलीबाहेर फारसे कोणी पाहत नाही, कारण त्यांचा विनोद चेहऱ्याच्या वेड्यावाकड्या हालचालींवर आणि सिसिलियन बोलण्याच्या ढबीवर उभा आहे. ज्यांनी मूळ चित्रपट आदल्या वर्षी पाहिले होते त्यांच्यासाठी तो ताजा होता, एवढेच.

बार्बोनी यांचे वेगळेपण त्यांच्या आधीच्या कामात आहे. ते मुळात छायाचित्रकार होते. सर्जिओ कोर्बुच्ची यांच्या १९६६ च्या 'जँगो'तला तो चिखल, ती ओढत नेलेली शवपेटी, ते ओलसर करडे आभाळ, हे सगळे बार्बोनी यांच्याच कॅमेऱ्यातून आलेले आहे. ज्याने इतकी वर्षे हे क्रौर्य गंभीरपणे चित्रित केले, त्याला त्यातली कोणती गाठ सोडली की हसू येईल हे बाहेरून आलेल्या विदूषकापेक्षा अधिक कळणारच. शवपेटी ओढत चिखलातून चालणारा जँगो आणि घोड्याकडून स्वतःलाच ओढून नेणारा ट्रिनिटी, ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. ही थट्टाच आहे, पण घरच्या माणसाने केलेली. म्हणून मला वाटते की तुम्ही भूक आणि थट्टा वेगळी काढता आहात ती प्रत्यक्षात एकमेकींत मुरलेली आहेत.

नेकारकाठ

मी गेली अनेक वर्षे श्टुटगार्टजवळ राहते आणि येथे या विषयाला जी धार आहे ती भारतात असताना मला कधी जाणवली नव्हती. माझ्या कार्यालयातले पन्नाशीचे सहकारी बड स्पेन्सर यांची वाक्ये तोंडपाठ म्हणून दाखवतात. गंमत अशी की त्यांतली पुष्कळशी वाक्ये मूळ चित्रपटांत नाहीतच. जर्मन भाषांतरकार राइनर ब्रांट यांनी आवाज देताना एक बेधडक, चावट, शब्दखेळांनी भरलेली बोली तयार केली. पात्राचे ओठ दिसत नसले, पाठमोरे असले, तरी तेथेही ते एखादा टोमणा भरून टाकत. 'ट्रिनिटी इज स्टिल माय नेम'ला १९८२ मध्ये त्यांच्याकडून पुन्हा नव्याने जर्मन आवाज देण्यात आला.

याहून धक्कादायक उदाहरण म्हणजे जुझेप्पे कोलिझी यांचा १९६७ चा 'गॉड फरगिव्ह्ज... आय डोन्ट!'. हिल आणि स्पेन्सर यांची जोडी प्रथम याच चित्रपटात जमली आणि तो अगदी गंभीर, रक्तरंजित वेस्टर्न आहे. पुढे या जोडीला विनोदी म्हणून कीर्ती मिळाल्यावर जर्मनीत तोच चित्रपट कापून, नवे संवाद घालून विनोदी चित्रपट म्हणून पुन्हा लावण्यात आला. कोलिझी यांच्याच १९६९ च्या 'बूट हिल'लाही असेच नवे रूप देण्यात आले. तेव्हा 'हा विनोद कोणाचा' या प्रश्नाचे उत्तर देशागणिक बदलते, हे धागाकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. इटालियन चित्रपटांत त्या काळी संवाद नंतर ध्वनिमुद्रित होत असत. खुद्द इटालियन आवृत्तीतही हिल यांना पिनो लोक्की यांचा आणि स्पेन्सर यांना ग्लाउको ओनोराटो यांचा आवाज आहे. आवाज मुळातच उसना असल्यामुळे प्रत्येक देशाला आपला आवाज घालणे सोपे गेले.

येथील श्वेबिश ग्म्युंड या गावात २०११ मध्ये नव्या बोगद्याला बड स्पेन्सर यांचे नाव द्यावे म्हणून इंटरनेटवर लोकांनी भरघोस मते दिली. नगरपरिषदेने ते मान्य केले नाही, पण गावातल्या उघड्या जलतरण तलावाला त्यांचे नाव दिले, कारण तरुणपणी ते तेथे एका स्पर्धेत पोहले होते. मी तेथे मुलांना घेऊन गेले आहे. तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या आजोबांनी नातवाच्या डोक्यावर बड स्पेन्सर पद्धतीचा हलका गुद्दा मारून दाखवला, तेव्हा या चित्रपटांची पकड किती खोल आहे ते मला कळले.

तालमीतला

अखेरच्या मारामारीने रस ओसरतो, हे वाचून वाईट वाटले. मी नाटकांत हाणामारीचे प्रसंग बसवतो, त्यामुळे माझा जीव त्यातच गुंततो. बड स्पेन्सर, म्हणजे नेपल्सचे कार्लो पेदेर्सोली, हे १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारे पहिले इटालियन होते, १९५० मध्ये. १९५२ च्या हेलसिंकी आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते उतरले होते. त्या देहाला आपले वजन नेमके कोठे टाकायचे हे ठाऊक होते. त्यांची खास हालचाल म्हणजे वरून खाली आणलेली मूठ, डोक्याच्या बरोबर मध्यावर, खुंटी ठोकावी तशी. समोरचा माणूस लगेच पडत नाही. क्षणभर उभा राहतो, डोळे फिरतात, आणि मग कोसळतो. हा क्षणभराचा विलंब म्हणजेच विनोद आहे, आणि तो साधण्यासाठी मारणाऱ्यापेक्षा मार खाणाऱ्याचे कसब अधिक लागते. या चित्रपटांत तेच ते धाडसी कलाकार पुन्हा पुन्हा मार खाताना दिसतात आणि त्यांची नावे कोणी घेत नाही.

हिल यांची पद्धत उलट आहे. ते हलके, चपळ, टेबलांवरून खुर्च्यांवरून निसटणारे. दुसऱ्या चित्रपटातल्या पत्त्यांच्या डावात ते बंदूक काढतात, समोरच्याला थप्पड लगावतात आणि बंदूक परत म्यानात घालतात, हे त्याला कळायच्या आत. गोळीच्या जागी थप्पड आली, हाच या शाखेचा मोठा बदल. माणूस मरत नाही, त्याची फजिती होते. मूकपटांच्या काळातल्या धावपळीच्या विनोदाशी याचे थेट नाते आहे, आणि म्हणूनच भाषा न कळणारे सहा वर्षांचे मूलही हसते.

माळरान

तालमीतला, त्या विलंबाबद्दल तुम्ही लिहिलेत ते वाचून मी अखेरचा प्रसंग पुन्हा लावला. एकेका माणसाचा मार पाहिला तर तो खरोखरच नेटका आहे. माझी तक्रार लांबीबद्दल उरते. सुरुवातीच्या खानावळीत जेवण लांबते तेव्हा आपल्याला ठाऊक असते की शेजारी मारेकरी बसले आहेत. प्रत्येक घासाबरोबर ताण वाढतो. लिओने यांनी द्वंद्वयुद्धापूर्वीची स्तब्धता ताणायला शिकवले आणि बार्बोनी यांनी तीच स्तब्धता तव्यातल्या बीन्सवर ताणली, हे मला विलक्षण वाटते. अखेरच्या मारामारीत मात्र कोण जिंकणार हे पहिल्या गुद्द्यालाच ठरलेले असते. तेथे कसब दिसते, पण वाट पाहण्यासारखे काही राहत नाही.

चौथी रांग, जँगोच्या शवपेटीची तुलना मला पटली. माझे विधान मी सुधारून घेतो : परक्याने केलेली थट्टा लवकर शिळी होते, असे म्हणू या.

धुळीचे पान

कोणी अजून 'माय नेम इज नोबडी'चा विषय काढला नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण या शाखेचे सगळे गुणदोष मला त्याच एका चित्रपटात एकत्र दिसतात. १९७३ चा हा चित्रपट, दिग्दर्शक तोनिनो व्हालेरी, कल्पना लिओने यांची. कथा १८९९ मधली. हेन्री फोंडा हे जॅक ब्यूरगार्ड नावाचे थकलेले, चष्मा लावणारे नामांकित नेमबाज आहेत आणि त्यांना न्यू ऑर्लीन्सहून जहाजाने शांतपणे युरोपला जायचे आहे. तेरेन्स हिल यांचा निनावी तरुण त्यांचा निस्सीम भक्त आहे, आणि आपल्या दैवताने १५० घोडेस्वारांच्या टोळीला एकट्याने तोंड देऊन इतिहासाच्या पुस्तकात जावे, एवढ्यासाठी तो त्यांना जाऊ देत नाही.

या कल्पनेत केवढे दुःख आहे पाहा. म्हाताऱ्याला जगायचे आहे आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्याला त्याची दंतकथा हवी आहे. फोंडा यांचा हा अखेरचा वेस्टर्न, त्यामुळे हॉलिवूडचा जुना वेस्टर्न आणि इटलीचा नवा विनोदी वेस्टर्न हे दोघे समोरासमोर उभे आहेत असेच वाटत राहते. सपाट पांढऱ्या वाळवंटातून ते १५० स्वार येतात तेव्हा संगीतकार एन्निओ मॉरिकोने हे जर्मन संगीतकार वाग्नरच्या वाल्किरींच्या स्वारीची धून मध्येच डोकावू देतात. ते हास्यास्पदही आहे आणि अंगावरही येते. दोन्ही एकाच वेळी वाटायला लावणे फार थोड्यांना जमले आहे.

आणि याच चित्रपटात जत्रेतली लांबलचक टिंगल आहे, आरसेमहालातला गोंधळ आहे, मुतारीत उभ्या असलेल्या रेल्वेचालकाला ताटकळवण्याचा प्रसंग आहे. कोणती दृश्ये लिओने यांनी स्वतः चित्रित केली, यावर अभ्यासकांत आजही वाद चालतो. मला त्या वादात पडायचे नाही, पण दोन वेगळ्या स्वभावांचे चित्रपट येथे एकमेकांत शिवलेले आहेत आणि टाके दिसतात, हे नाकारता येत नाही. धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न आकर्षण संमिश्र का, असा आहे. माझे उत्तर : गंभीर भाग इतका सुंदर असतो की विनोदी भागाने त्याची उंची गाठावी अशी अपेक्षा आपण करू लागतो, आणि विनोदी भागाला तर मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाला दीड-दोन तास हसवत ठेवायचे असते.

ओवी

कुटुंबाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. इटलीत १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियाझ्झा फोंतानामधल्या बँकेत बॉम्बस्फोट झाला आणि १७ माणसे मेली. त्यापुढची अनेक वर्षे त्या देशाने राजकीय हिंसाचारात काढली. त्याच सुमारास जवळजवळ कोणीच मरत नाही असा वेस्टर्न लोकांना हवासा वाटला असेल, यात मला नवल वाटत नाही. हे एकमेव कारण असेल असे मी म्हणत नाही. शेकडो चित्रपटांनंतर क्रौर्याचा कंटाळा येणे हेही पुरेसे कारण आहे.

परंतु जवळजवळ कोणीच मरत नाही म्हणून हे चित्रपट निरागस ठरत नाहीत. 'ट्रिनिटी'तल्या त्या दोन मॉर्मन बहिणींना नायकाकडे पाहून हसण्यापलीकडे काम नाही. मेक्सिकन म्हणजे मळका, दात नसलेला, मद्यपी दरोडेखोर, हे समीकरण गंभीर वेस्टर्नमधून जसेच्या तसे उचलले आहे, आणि तेथे निदान त्या दरोडेखोराला भीतिदायक होण्याचा मान तरी होता. मॉर्मन शेतकऱ्यांना रांगेत उभे करून थपडा मारण्याचा प्रसंग मला आजही पाहवत नाही. गुद्द्यात ताल असेल, पण जो हात उचलणारच नाही त्याला मारलेल्या थपडेत मला विनोद सापडत नाही.

चौथी रांग

ओवी, थपडांच्या प्रसंगाबद्दल सहमत. पुढे त्याच शेतकऱ्यांना बांबिनो मारामारी शिकवू लागतो, आणि त्या शिकवणीचे हसू याच अपमानावर उभे केलेले आहे, हे मात्र नोंदवायला हवे.

नकलांविषयी थोडे. 'ट्रिनिटी' चालल्यावर जे लोंढे आले त्यांत बघण्यासारखे थोडेच. जुलियानो कार्निमेओ यांनी जॉर्ज हिल्टन यांना घेऊन 'हालेलुया' नावाच्या नायकाचे चित्रपट केले. त्यांतल्या १९७१ च्या पहिल्या भागात शिवणयंत्राची मशीनगन होते आणि ते दृश्य मजेदार आहे. १९७२ मध्ये जूलियो पेत्रोनी यांनी तोमास मिलियन यांना गोल टोपी आणि छत्री देऊन जवळजवळ चॅप्लिनच करून टाकले. मिलियन हे मोठ्या ताकदीचे नट, पण वेशाखाली माणूस सापडत नाही. सर्वांत खेदजनक प्रकार १९७४ च्या 'कारांबोला'चा : तेथे हिल आणि स्पेन्सर यांच्यासारखे दिसणारे दोन नट शोधून काढले, पॉल स्मिथ आणि मायकेल कोबी, आणि त्यांना तसेच कपडे, तशीच दाढी दिली. चेहरा मिळाला, पण त्या दोघांमधली कुरबुर मिळाली नाही. माळरान म्हणतात तो भावांमधला वैताग किती अवघड होता, हे ही नक्कल पाहिल्यावर कळते.

तालमीतला

एक भर. 'ट्रिनिटी'चे फ्रांको मिकालिझी यांनी केलेले शीर्षकगीत, शिटीसकट, २०१२ च्या 'जँगो अनचेन्ड'च्या अखेरीस वाजते. बार्बोनी ज्या 'जँगो'चे छायाचित्रकार होते त्याच नावाच्या चित्रपटात त्यांच्या विनोदी नायकाचे गाणे यावे, हे मला फार समाधानाचे वाटले. ते गाणे ऐकताना आळसावलेल्या चालीचा जो डौल जाणवतो, तो दुसऱ्या भागाच्या संगीतात मला आढळत नाही. दुसऱ्या भागाची घडी सैल वाटण्यामागे हेही एक कारण असू शकेल.

माळरान

नेकारकाठ यांच्या सूचनेवरून 'गॉड फरगिव्ह्ज... आय डोन्ट!' इटालियन आवाजात पाहिला. सुरुवातीला एका स्थानकावर लोक नटूनथटून गाडीची वाट पाहत आहेत, गाडी येते आणि आत सगळे प्रवासी मरून पडलेले आहेत. तेरेन्स हिल चित्रपटभर जवळजवळ हसतच नाहीत. बड स्पेन्सर विमा कंपनीचा माणूस आहेत आणि लुटलेले सोने शोधत आहेत. मूळ ठरलेल्या नटाच्या पायाला दुखापत झाल्यामुळे हिल यांना ही भूमिका आयत्या वेळी मिळाली, म्हणजे ही जोडी अपघातानेच जमली, हे वाचून मी चकित झालो.

पण मला जे पाहायचे होते ते दिसले. त्या गंभीर चित्रपटातही ही दोघे एका चौकटीत आली की एक जण घाई करत नाही आणि दुसऱ्याला त्याचा राग येतो. विनोद अजून कोणी लिहिलेला नाही, तरी त्याची जागा तयार आहे. बार्बोनी यांनी तीन वर्षांनी त्या जागेत बीन्सचा तवा आणून ठेवला. आता ओवी आणि चौथी रांग यांच्यासाठी मॉर्मन वसाहतीचा प्रसंग मी पुन्हा एकदा, थपडांपासून शिकवणीपर्यंत सलग पाहणार आहे, आणि नेकारकाठ यांच्याकडे त्या चित्रपटाची जर्मन विनोदी आवृत्ती असेल तर त्या मेलेल्या प्रवाशांच्या गाडीचे तिने काय केले, ते येथे लिहावे अशी विनंती आहे.